नवा हेडफोन शंभर तास वाजवत ठेवावा काय ?



घरात नवी वस्तू आली की तिच्यामागोमाग चार सल्लेही घरात येतात. हल्ली हेडफोन घेणाऱ्या मुलांना एक सल्ला हमखास मिळतो. ‘नवा हेडफोन लगेच कानाला लावू नकोस. आधी शंभर तास नुसता वाजवत ठेव. आतला पडदा मोकळा होऊ दे, मग बघ आवाज कसा खुलतो !’ या प्रकाराला ‘बर्न-इन’ म्हणतात. कुणी चाळीस तास सांगतो, कुणी शंभर, कुणी दोनशे. कुणी म्हणतो, गाणी नकोत, धबधब्यासारखा एकसुरी खळखळाट लाव. तसले खास आवाजही मोबाईलवर मिळतात. मग पोरगा हेडफोन कपाटात कपड्यांच्या घडीत ठेवतो आणि चार दिवस तो तिथे एकटाच गात बसतो. आई विचारते, ‘अरे, हे कुणासाठी वाजतंय ?’

आईचा प्रश्न अगदी रास्त आहे. आज या सदरात त्याचाच विचार करू.

कुणी म्हणेल, समाजापुढे एवढे ज्वलंत प्रश्न असताना हेडफोनवर काय लिहिता ? पण या लहानशा गोष्टीत आपल्या तीन मोठ्या गोष्टी अडकल्या आहेत. आपला पैसा, आपल्या मुलांचे कान आणि आपला विवेक. शिवाय हेडफोन ही आता श्रीमंतांची चैन राहिलेली नाही. दहा बाय बाराच्या खोलीत एकीकडे टीव्ही, एकीकडे स्टोव्ह, एकीकडे पाहुणे, आणि कोपऱ्यात बसून मुलगी मोबाईलवर स्पर्धा परीक्षेचे व्याख्यान ऐकते आहे. तिच्यासाठी हेडफोन म्हणजे अभ्यासाची वेगळी खोलीच ! म्हणून ही वस्तू नीट समजून घेतली पाहिजे.

हेडफोनच्या पोटात काय असते ?

हेडफोन म्हणजे कानाएवढा लाऊडस्पीकर. अमेरिकेतील युटा प्रांतातल्या नॅथॅनियल बाल्डविन या माणसाने १९१० च्या सुमारास आपल्या घरच्या स्वयंपाकघरात हेडफोन बनवले आणि ते अमेरिकेच्या नौदलाने विकत घेतले. पुढे १९३७ साली जर्मनीत बायर यांच्या कंपनीने आजच्या पद्धतीचा, म्हणजे हलत्या वेटोळ्याचा हेडफोन बाजारात आणला. आज आपण पाचशे रुपयांचा घेतला काय किंवा पन्नास हजारांचा घेतला काय, बहुतेकांच्या पोटातली रचना मुळात तीच आहे.

त्यात तीन मुख्य भाग असतात. एक लोहचुंबक, दुसरे तांब्याच्या अगदी बारीक तारेचे वेटोळे आणि तिसरा त्या वेटोळ्याला चिकटलेला प्लॅस्टिकचा पातळ पडदा. मोबाईलमधून विजेचा कमीजास्त होणारा प्रवाह वेटोळ्यात येतो. चुंबकामुळे वेटोळे पुढेमागे हलते. त्याच्यासोबत पडदा हलतो, पडद्यापुढची हवा हलते आणि ती हवा आपल्या कानाचा पडदा हलवते. झाले गाणे !

आता बर्न-इनवाल्यांचे म्हणणे असे की हा प्लॅस्टिकचा पडदा नवा असताना आखडलेला असतो. तो तासन्‌तास हलला की सैल होतो आणि आवाज सुधारतो. ऐकायला हे पटते. का पटते तेही पाहू, कारण चुकीची गोष्ट पटण्यामागेही काही कारण असतेच.

हे खरे का वाटते ?

आपल्या घरातल्या कितीतरी वस्तूंना नवेपणी काही संस्कार करावे लागतात. बिडाचा नवा तवा तेल लावून तापवल्याशिवाय भाकरी सोडत नाही. नवा माठ एक-दोन दिवस पाण्याने भरून ठेवावा लागतो, नाहीतर पाण्याला मातीचा वास येतो. नवी चामड्याची चप्पल आठवडाभर चावते, मग पायाला बसते. नवी मोटारसायकल घेतली की पहिले काही शे किलोमीटर सावकाश चालवा असे कंपनीच पुस्तिकेत लिहून देते. हे सारे खरे आहे आणि आपण अनुभवलेले आहे. म्हणून कुणी ‘हेडफोनही तसाच असतो’ म्हटले की आपली मान आपोआप हलते.

पण तव्यावर तेलाचा थर बसतो, तो डोळ्यांना दिसतो. चप्पल पायाच्या आकाराची होते, ते हाताला लागते. इंजिनात लोखंडावर लोखंड घासून गुळगुळीत होते, ते मोजता येते. हेडफोनचा पडदा कशावर घासत नाही. एका वस्तूचा नियम दुसरीला लावण्यापूर्वी दोन्हींची जात एकच आहे काय, हे तपासायला नको काय ?

‘बर्न-इन’ हा शब्द आला आहे तो कारखान्यातून. इलेक्ट्रॉनिक वस्तू बनवणारे कारखाने काही सुटे भाग विकण्यापूर्वी मुद्दाम जास्त उष्णतेत आणि जास्त दाबाच्या विजेवर चालवून पाहतात. ज्या भागात जन्मापासूनच खोट असते तो बहुधा लवकर बंद पडतो. तो तिथेच बाजूला काढायचा आणि उरलेला माल बाजारात पाठवायचा, हा त्यामागचा हेतू. म्हणजे मूळ बर्न-इन हे वस्तू सुधारण्यासाठी नाही, तर खराब माल वेगळा करण्यासाठी आहे. शब्द कारखान्यातून बाजारात आला आणि येताना त्याचा अर्थ पार उलटा झाला !

मोजमाप काय सांगते ?

आधी आपला साधा हिशेब करून पाहू. ढोलकी-ढोलाच्या जाड आवाजात दर सेकंदाला १०० कंपने धरा. चार मिनिटांच्या एका गाण्यात २४० सेकंद असतात, म्हणजे पडदा २४ हजार वेळा पुढेमागे होतो. तासाभरात ३ लाख ६० हजार वेळा. इतका पातळ पडदा सैल व्हायचाच असेल, तर तो पहिल्या काही गाण्यांतच होऊन जायला हवा. त्याला शंभर तास, म्हणजे ३ कोटी ६० लाख हेलकावे कशाला हवेत ?

मोठ्या लाऊडस्पीकरची गोष्ट थोडी वेगळी आहे. त्याच्या जाड कागदी भोंग्याभोवती रबराची किंवा कापडाची कड असते. ती नवेपणी थोडी ताठ असते आणि वाजवल्यावर किंचित सैल होते. हे मोजलेले आहे. पण कानाएवढ्या हेडफोनमध्ये असा फरक मोजायला गेले की तो फारच किरकोळ निघतो. हेडफोन कानावर बोटभर पुढे किंवा मागे सरकला तरी आवाजात त्याहून मोठा फरक पडतो. अमेरिकेतील शुअर ही ध्वनियंत्रे बनवणारी जुनी कंपनी. १९९७ साली बाजारात आणलेले आपले ई-वन नावाचे इअरफोन तिच्या अभियंत्यांनी वर्षानुवर्षे वापर झाल्यानंतर पुन्हा मोजून पाहिले. आवाज कारखान्यातून निघताना होता तसाच निघाला, असे कंपनीनेच २०१३ साली सांगितले. स्वतः विकणाराच असे सांगतो, याला महत्त्व आहे.

एक गोष्ट मात्र वापराने खरोखर बदलते, ती म्हणजे कानावर बसणारी गादी. नवी गादी ताठ असते. डोक्याच्या दाबाने आणि घामाने ती महिना-दोन महिन्यांत मऊ होते आणि कानाभोवती घट्ट बसते. फट बुजली की जाड आवाज जास्त भरून येतो. कानात खुपसायच्या इअरफोनला रबराची बोंडे असतात. योग्य मापाचे बोंड लावले तरी तोच परिणाम होतो, आणि तोही एका मिनिटात. पण गादी मऊ व्हायला हेडफोन डोक्यावर असावा लागतो. कपाटात शंभर तास वाजवून गादी मऊ होत नाही !

मग लोकांना फरक का ऐकू येतो ?

शंभर तासांनी फरक जाणवला असे सांगणारे सगळे खोटे बोलतात, असे मी म्हणणार नाही. त्यांना फरक जाणवतो हे खरेच आहे. फक्त बदल हेडफोनमध्ये नाही, ऐकणाऱ्यात झालेला असतो.

नव्या वस्तीत राहायला गेलो की पहिले आठ दिवस रेल्वेच्या आवाजाने झोप येत नाही. महिन्याने गाडी कधी गेली तेही कळत नाही. गाडी काही हळू आवाजात जायला लागलेली नसते ! आपल्या मेंदूने तो आवाज ओळखीचा करून घेतलेला असतो. नव्या हेडफोनचेही तसेच. जुन्याची सवय असते म्हणून नवा पहिल्या दिवशी कर्कश किंवा पोकळ वाटतो. आठवड्याने तोच आवाज आपल्याला ‘बरोबर’ वाटू लागतो. त्यात भर पडते अपेक्षेची. चार दिवस वाट पाहिली, पैसे मोजले, मित्राने खात्री दिली. आता आवाज सुधारलेला दिसला नाही तर आपणच मूर्ख ठरू! मग मन स्वतःच सुधारणा शोधून काढते. आणि शंभर तासांपूर्वीचा आवाज नेमका कसा होता हे सांगायला पुरावा काय ? फक्त आपली आठवण.

आता या दाव्याची घडण जरा निरखून पाहा. आवाज सुधारला असे वाटले, तर बर्न-इनचा गुण. नाही वाटले, तर ‘अजून तास कमी पडले, दोनशे करा.’ दोनशेनेही काही झाले नाही, तर ‘तुम्ही चुकीचा आवाज लावला’ किंवा ‘तुमचे कान तयार नाहीत.’ म्हणजे दावा कधीच खोटा ठरायचा नाही, खोटा ठरायचा तो करणारा !

बंधू-भगिनींनो, ही घडण आपल्या ओळखीची नाही काय ? अंगारे-धुपारे करणारा बुवा आपल्या आजी-आजोबांना हेच सांगत होता. अकरा आठवडे करा, गुण येईल. ताप आपोआप उतरला तर बुवाची कृपा. नाही उतरला तर एकवीस आठवडे करा. तरीही नाही उतरला तर तुमची श्रद्धा कमी पडली. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरच्या दीक्षाभूमीवर परमपूज्य बाबासाहेबांनी बावीस प्रतिज्ञा देऊन आपल्याला त्या चक्रातून बाहेर काढले. पण अंधश्रद्धा नेहमी शेंदूर लावूनच येते असे नाही. कधी ती गुळगुळीत खोक्यात, इंग्रजी नाव घेऊन आणि विज्ञानाची भाषा बोलत येते. देव्हारा घरातून काढला, पण न तपासता मान डोलावण्याची सवय राहिली, तर अर्धेच काम झाले.

कालामांनी विचारलेला प्रश्न

तथागत भगवान बुद्ध कोसल देशातील केसपुत्त या नगरात गेले असता तेथील कालाम लोकांनी त्यांना आपली अडचण सांगितली. आमच्या गावात निरनिराळे गुरू येतात. प्रत्येक जण आपलेच मत खरे सांगतो आणि दुसऱ्याच्या मताची निंदा करतो. आम्ही कुणाचे खरे मानावे ?

हेडफोन घ्यायला निघालेल्या मुलाची आज हीच अवस्था आहे. दुकानदार एक सांगतो, मोबाईलवरचा परीक्षक दुसरे सांगतो, मित्र तिसरेच सांगतो.

तथागतांनी ‘माझे ऐका’ असे म्हटले नाही. तुमच्या मनात शंका आली हे योग्यच झाले, असे ते म्हणाले. केवळ ऐकीव आहे म्हणून, परंपरेने चालत आले म्हणून, ग्रंथात आहे म्हणून, तर्काला बरे दिसते म्हणून, सांगणारा मोठा वाटतो म्हणून किंवा तो आपला गुरू आहे म्हणून एखादी गोष्ट स्वीकारू नका, असा त्या उपदेशाचा आशय आहे. लोभ, द्वेष आणि मोह यांच्यातून काय उपजते ते स्वतः पाहा. अहिताचे असेल ते सोडा, हिताचे असेल ते अंगीकारा. हा उपदेश अर्थातच जीवन कसे जगावे यासाठी आहे, यंत्रांच्या खरेदीसाठी नव्हे. पण तपासण्याची सवय एकदा लागली की ती बाजारातही उपयोगी पडते. आपण विहारात दर रविवारी धम्मवंदनेत ‘एहिपस्सिको’ हा शब्द उच्चारतो. त्याचा अर्थ ‘या आणि पाहा’ असा आहे. ‘या आणि विश्वास ठेवा’ असा नाही !

त्याच न्यायाने मी लिहिले म्हणूनही तुम्ही मानू नका. तपासून पाहा. कसे तपासायचे ते सांगतो. पैसा लागत नाही.

घरच्या घरी परीक्षा

यासाठी कानावर बसणारा, दोन वाट्यांचा हेडफोन हवा. मोबाईलच्या सेटिंगमध्ये ‘ॲक्सेसिबिलिटी’ या भागात दोन्ही बाजूंना एकसारखा आवाज देण्याची ‘मोनो’ नावाची सोय असते. तिथेच आवाज फक्त डावीकडे किंवा फक्त उजवीकडे वळवण्याचीही सोय असते.

पहिल्या दिवशी मोनो चालू करून तोंडपाठ असलेले एखादे भीमगीत लावा. प्रल्हाद शिंदे किंवा विठ्ठल उमप यांचा खडा आवाज आणि सोबत ढोलकी असली तर फारच छान, कारण जाड आणि बारीक दोन्ही स्वर तपासले जातात. ऐकणाऱ्याने डोळे मिटून बसावे. दुसऱ्याने नाणे उडवावे. छापा पडला तर डावी वाटी, काटा पडला तर उजवी वाटी ऐकणाऱ्याच्या एकाच कानावर सारखाच दाब देऊन धरावी. ऐकणाऱ्याने ती कोणती ते सांगावे. असे दहा वेळा करून उत्तरे वहीत लिहून ठेवावीत. पहिल्याच दिवशी दोन्ही वाट्या बिनचूक ओळखू आल्या, तर त्या मुळातच वेगळ्या आहेत. तो हेडफोन या परीक्षेच्या कामाचा नाही आणि कदाचित परत करण्याच्या लायकीचा आहे !

ओळखू आल्या नाहीत, तर पुढे चला. आवाज फक्त डावीकडे वळवा आणि बेताच्या आवाजात पन्नास तास वाजू द्या. उजवी वाटी गप्प राहील. मग पुन्हा मोनो चालू करून, डावी-उजवीचा तोल मध्यावर आणून तीच दहा वेळांची परीक्षा घ्या. बर्न-इन खरे असेल तर पन्नास तास वाजलेली वाटी आणि कोरी वाटी यांतला फरक डोळे मिटून सांगता आला पाहिजे.

निकाल लावताना हिशेब नीट करा. नुसत्या अंदाजाने सांगत गेले तरी दहापैकी पाच उत्तरे बरोबर येतातच. सात आली म्हणून नाचू नका. दहा वेळा नाणे उडवले तर उत्तरांच्या एकूण १०२४ तऱ्हा होतात आणि त्यांपैकी १७६ तऱ्हांमध्ये सात किंवा जास्त उत्तरे बरोबर निघतात. म्हणजे साधारण सहातून एकदा हे नशिबानेच होते. पण नऊ किंवा दहा बरोबर येण्याच्या तऱ्हा फक्त ११ आहेत. तेवढी आली तर मात्र मान्य करायला हवे की काहीतरी फरक आहे. तेव्हा माझे म्हणणे खुशाल बाजूला ठेवा.

घरातल्या शाळकरी मुलांना ही परीक्षा जरूर करू द्या. उत्तर काय येते त्यापेक्षा कुणाचेही म्हणणे कसे पारखावे हे ती शिकतील. ही शिकवण आयुष्यभर पुरते. औषधाची जाहिरात असो, दामदुपटीची योजना असो की निवडणुकीतले आश्वासन असो !

पैशाचा हिशेब

शंभर तास म्हणजे अखंड वाजवले तर चार दिवस आणि चार तास. रोज दोन तास ऐकणाऱ्याला पन्नास दिवस लागतात. आणि ऑनलाइन घेतलेली वस्तू परत करण्याची मुदत पुष्कळदा सात किंवा दहा दिवसांचीच असते. आवाज पहिल्या दिवशी आवडला नाही, तेव्हा कुणीतरी म्हणतो, ‘थांब, शंभर तास होऊ दे.’ थांबलात की मुदत संपते. मग आवडला नाही तरी गळ्यात पडला. रोजंदारीवर जाणाऱ्या माणसाचे दीड हजार रुपये म्हणजे दोन-तीन दिवसांचा घाम आहे. ‘वाट पाहा’ या सल्ल्याचा फायदा कुणाला होतो, हा प्रश्न नेहमी विचारावा.

बिनतारी हेडफोनचे आणखी एक नुकसान आहे. एका चार्जिंगमध्ये तो दहा तास चालत असेल, तर शंभर तासांना दहा वेळा चार्जिंग लागते. त्याच्या बॅटरीचे आयुष्य काही शे चार्जिंगचेच असते. म्हणजे कानाला लावण्याआधीच बॅटरी थोडी झिजवून ठेवली.

म्हणून करायचे ते असे :

१) हेडफोन आणल्या दिवसापासून रोज नेहमीसारखा वापरा. मूळ बर्न-इनचा खरा हेतू हाच, की खोट असेल तर ती मुदतीच्या आत उघडी पडावी. एका बाजूचा आवाज कमी येणे, खरखर, तार हलवली की आवाज तुटणे, बॅटरी लवकर उतरणे, हे पहिल्या आठवड्यातच तपासा.

२) खोका आणि बिल जपून ठेवा. बिल नसेल तर पुढे भांडायला आधार राहत नाही. ‘बिल घेतले तर जास्त पडेल’ असे म्हणणाऱ्या दुकानदाराला नमस्कार करून पुढे जा.

३) आवडला नाही तर मुदतीतच परत करा. ‘सुधारेल’ या आशेवर थांबू नका.

४) वस्तू सदोष निघाली आणि विकणारा दाद देत नसेल तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते आणि वस्तूची किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर त्यासाठी फी लागत नाही. वकीलच लावला पाहिजे असेही नाही. हक्क कागदावर असून चालत नाही, तो मागावा लागतो, हे आपल्याला कुणी वेगळे सांगायला नको.

आणि सर्वांत महत्त्वाचे : कान

हेडफोन कितीही तास वाजवला तरी सुधारत नाही. पण कान मात्र जास्त तास, जास्त मोठ्याने वाजवले तर नक्की बिघडतात. आपण नेमकी उलटी काळजी घेतो. वस्तूचे तास मोजतो, कानाचे मोजत नाही.

आपल्या कानाच्या आत शंखाच्या आकाराचा एक भाग आहे. प्रत्येक कानात त्यात सुमारे पंधरा हजार सूक्ष्म केसांसारख्या पेशी असतात. आवाज मेंदूपर्यंत पोचवण्याचे काम त्या करतात. मोठ्या आवाजाने त्या थकतात आणि पुढे मरतात. मेलेली पेशी माणसात पुन्हा उगवत नाही. हेडफोन बाजारात दुसरा मिळतो, कान मिळत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने याचे प्रमाण घालून दिले आहे. मोठ्या माणसाने ८० डेसिबलचा आवाज आठवड्यात ४० तास ऐकला तरी चालतो. ९० डेसिबलला फक्त ४ तास. १०० डेसिबलला जेमतेम २० मिनिटे, तीही संपूर्ण आठवड्यात मिळून ! मुलांसाठी मर्यादा आणखी खाली, ७५ डेसिबलला ४० तास अशी आहे. १२ ते ३५ वयाच्या १०० कोटींहून अधिक तरुणांना ऐकण्याच्या अशा सवयींमुळे बहिरेपणाचा धोका आहे, असे हीच संघटना सांगते. त्यात जयंतीच्या मिरवणुकीतील डीजेचे तास मिळवा, म्हणजे खात्यावर किती खर्च पडला ते कळेल.

आपल्या आधीच्या पिढीतील कितीतरी कामगारांचे कान गिरणीत यंत्रांच्या खडखडाटात गेले. आवाजाने येणारा बहिरेपणा १९४८ च्या कारखाना कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत कामातून होणारा रोग म्हणून नोंदलेला होता. त्यांनी पोटासाठी कान गमावले. आमची मुले तेच हौसेने, खिशातले पैसे देऊन गमावणार काय ? सैन्यात किंवा पोलिसात भरती होताना कानही तपासले जातात, हे तरुणांनी लक्षात ठेवावे.

उपाय साधे आहेत. आवाज पूर्ण क्षमतेच्या ६० टक्क्यांच्या वर नेऊ नका. हातभर अंतरावर बसलेला माणूस साध्या आवाजात बोललेला ऐकू आला नाही, तर आवाज जास्त आहे असे समजा. तासाभराने कानांना विसावा द्या. लोकलच्या गोंगाटावर मात करण्यासाठी आवाज वाढवू नका. त्यापेक्षा कानात घट्ट बसणारे योग्य मापाचे बोंड लावा, म्हणजे कमी आवाजातही ऐकू येते. रस्त्यावर चालताना आणि रूळ ओलांडताना हेडफोन खिशात. कानात सतत शिट्टी वाजत असेल किंवा समोरच्याचे बोलणे दबल्यासारखे वाटत असेल, तर अंगावर काढू नका. सरकारी इस्पितळात कान-नाक-घसा विभाग असतो. मुंबईत वांद्रे रेक्लमेशनला अली यावर जंग यांच्या नावाची राष्ट्रीय संस्था १९८३ पासून वाणी आणि श्रवणाच्या तपासणीचे काम करीत आहे.

तेव्हा आयांनो, कपाटात वाजणारा हेडफोन दिसला की तो बाहेर काढा आणि मुलाच्या हातात द्या. त्याला सांगा, तो ज्याच्यासाठी आणला त्याच्यासाठी वाजू दे. बेताच्या आवाजात आणि बेताचे तास. आणि पुढच्या वेळी कुणी ‘इतके दिवस करा, मग गुण येईल’ असे म्हणाला, तर त्याला हसतमुखाने एवढेच विचारा : ‘गुण आला नाही हे कधी आणि कसे ठरवायचे, ते आधी सांगा.’ ज्याला याचे उत्तर देता येत नाही, त्याला आपला पैसा देऊ नका आणि आपले डोके तर मुळीच देऊ नका.

भवतु सब्ब मंगलं ! जयभीम !